तारखेची बातमी कोण देणार?

आम्ही दोघी सख्ख्या बहिणी. एक पत्रकारितेच्या शेवटच्या वर्षाला, दुसरी पहिल्या. गाव नेवासे तालुक्यात, कॉलेज नगरला. २०२४ पासून जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे. पण घरात अजून ‘नगरला जाऊन येतो’ असेच म्हणतात, तेव्हा आम्हीही इथे तसेच लिहितो. आमचे दादा घोडेगावच्या कांदा मार्केटात हमाली करतात. आई तिथेच कांदा निवडायला जाते. पोरी नर्सिंगला जातील, नाहीतर मास्तरणी होतील, असे भावकीला वाटत होते. आम्ही हे शिक्षण घ्यायचे ठरवले तेव्हा आईने विचारले, ‘‘पेपर वाचायला पण कॉलेजात जावं लागतं का गं?’’ हा प्रश्न हसण्यावारी नेता येईल. पण समाजातल्या पुष्कळ आईवडिलांच्या मनात तो असणार. म्हणून आजवर जे वाचले, पाहिले ते या पानावर मांडत आहोत.

आधी आमच्या घरातल्या पेपराचे सांगतो. दादांचे शिक्षण चौथीपर्यंतचे, पण बाजारभावाचे पान ते रोज पाहतात. कांद्याची आवक किती गोण्या, एक नंबरला काय भाव, गोल्टीला काय, सगळे छापून येते. भाव पडला की पहिल्या पानावर मोठी बातमी, शेतकऱ्याचा फोटो, पुढाऱ्याचे निवेदन. ते छापायलाच हवे, शेतकऱ्याचे नुकसान खोटे नसते. पण ती गोणी पाठीवर घेऊन ट्रकमध्ये कोण चढवतो आणि त्याला गोणीमागे काय मिळते, हा दर त्या कोष्टकात आम्ही कधी पाहिला नाही. निवडणाऱ्या बायांच्या रोजाची तर गोष्टच सोडा. वर्गात ‘बातमी म्हणजे काय’ याच्या पाच-सहा व्याख्या आम्ही उतरवून घेतल्या. परीक्षेत त्या लिहूही. पण बातमी कुणाची होते आणि कुणाची होत नाही, हे आम्हाला त्या कोष्टकानेच आधी शिकवले.

गेल्या उन्हाळ्यात प्रत्यक्ष कामाचा अनुभव म्हणून आम्ही एका दैनिकाच्या तालुका कार्यालयात महिनाभर जात होतो. नाव कशाला घ्यायचे, सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच आहे. पहिल्याच आठवड्यात हातात बातमीची वही मिळण्याऐवजी वाढदिवसांची यादी मिळाली. कुठल्या पुढाऱ्याचा वाढदिवस कधी, त्याच्याकडून पाव पानाची जाहिरात निघेल का, कार्यकर्ते किती, त्यांचे फोटो किती. आमच्या वस्तीच्या नळाला बारा दिवस पाणी नव्हते, त्याची बातमी आम्ही लिहून दिली. किती घरे, पाणी कुठून आणावे लागते, ग्रामसेवक काय म्हणाले, सगळे लिहिले. छापून आली दोन ओळींत: गावात पाणीटंचाई, नागरिकांत नाराजी. वस्तीचे नाव नाही, की बौद्ध वस्तीतलाच नळ तेवढा कोरडा होता हे नाही. खाली एका वाढदिवसाची चौकट होती, तिच्यात मात्र सोळा फोटो नावानिशी.

याचा राग येतो, पण नुसत्या रागाने कळत काहीच नाही. गावपातळीवरचा वार्ताहर हा बहुधा पगारी माणूस नसतो. त्याला मिळते ते मानधन, आणि खरी मिळकत जाहिरातीच्या टक्केवारीची. दिवाळी अंकाला, वर्धापनदिनाच्या पुरवणीला, निवडणुकीच्या हंगामाला त्याला आकडा गाठून द्यावा लागतो. ज्याच्याकडून जाहिरात आणायची त्याच्याविरुद्धची बातमी तो कुठल्या तोंडाने देणार? त्यातून पाने आता तालुक्या-तालुक्याची झाली आहेत. नेवाशाचे पान नेवाशाला, जामखेडचे जामखेडला. आमच्याकडे काय घडले ते अकोल्याच्या माणसाला त्याच दैनिकात दिसत नाही. पूर्वी जिल्ह्याच्या एका टोकाला अन्याय झाला की दुसऱ्या टोकाला निदान वाचायला मिळत असे. आता छपाई रंगीत झाली, पाने वाढली, आणि बातमी तालुक्याच्या वेशीबाहेर पडेनाशी झाली.

आणि पान लावायला बसतो कोण? १९९६ साली अमेरिकेतल्या एका दैनिकाच्या दिल्लीतल्या प्रतिनिधीला एका दलित पत्रकाराशी बोलायचे होते. त्याने बी. एन. उनियाल या ज्येष्ठ पत्रकारांना विचारले. उनियाल यांनी खूप शोध घेतला, आणि आपल्या तीस वर्षांच्या धंद्यात आपल्याला एकही दलित पत्रकार भेटलेला नाही हे त्यांच्या तेव्हा लक्षात आले. त्यांनी तसे ‘पायोनियर’मध्ये लिहिले. ही जुनी गोष्ट झाली असे कोणी म्हणेल, म्हणून पुढची सांगतो. २०१९ साली ऑक्सफॅम आणि न्यूजलाँड्री यांनी देशातली वृत्तपत्रे, वाहिन्या, मासिके आणि संकेतस्थळे तपासली. वरिष्ठ निर्णयाच्या १२१ जागांपैकी १०६ जागांवर उच्चवर्णीय होते आणि अनुसूचित जाती-जमातीचा एकही माणूस नव्हता. मधल्या तेवीस वर्षांत देशात किती वाहिन्या निघाल्या, याचा हिशेब घरोघरच्या रिमोटला विचारावा.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्याकडे येतो. कॉलेजात प्रकल्प म्हणून एखाद्या घटनेची कात्रणे जमवायची होती. मैत्रिणींनी निवडणूक घेतली, क्रिकेट घेतले, बिबट्याचे हल्ले घेतले. आम्ही खर्डा घेतले. जामखेड तालुक्यातल्या खर्डा गावात २८ एप्रिल २०१४ रोजी सतरा वर्षांच्या एका शाळकरी मुलाला मारून टाकले गेले. आपल्या समाजातला मुलगा. वरच्या समजल्या जाणाऱ्या जातीतल्या मुलीशी बोलतो, एवढा संशय पुरला. त्या वेळी आम्ही लहान होतो. वस्तीत त्या दिवसांत मोठी माणसे हळू आवाजात बोलायची आणि मोठ्या भावांना संध्याकाळी बाहेर जाऊ देत नसत, एवढेच आठवते.

ग्रंथालयात बसून जुने अंक उलटले. मे २०१४ ची फाइल फुगलेली निघाली. पुढारी येऊन गेले, मोर्चे निघाले, मंत्री भेटून गेले, अग्रलेख आले. मुंबई-दिल्लीची माणसे कॅमेरे घेऊन खर्ड्याला उतरली होती. जून-जुलैत कात्रणे विरळ झाली. २०१५ आणि २०१६ मध्ये एकेका कात्रणासाठी महिना-महिन्याचे अंक चाळावे लागले. मग एकदम २०१७ चा नोव्हेंबर, आणि पुन्हा मोठे मथळे: नगरच्या न्यायालयाने सर्व आरोपींना निर्दोष सोडले. पुरावा पुरेसा नाही, साक्षीदार फितूर झाले. पुन्हा निषेध, पुन्हा मोर्चे.

हे साक्षीदार कधी फिरले? निकालाच्या दिवशी तर नाही. ते फिरले त्या अडीच-तीन वर्षांत, जेव्हा आमच्या फाइलीत कात्रणे नव्हती. एकेक साक्षीदार एकेका तारखेला साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहिला आणि आधी सांगितले होते ते आता आठवत नाही म्हणाला. त्या तारखांना कोर्टाच्या बाकावर वार्ताहर बसले असते, दुसऱ्या दिवशी त्याची बातमी झाली असती, तर साक्ष फिरली नसती असे आम्ही छातीठोकपणे म्हणणार नाही. गावात राहायचे असते, शेत त्यांच्याच शेजारी असते, मजुरी त्यांच्याकडेच असते, भीती पेपर वाचून जात नाही. पण कोणी पाहत नाही हे कळल्यावर भीती घालणाऱ्याचे काम सोपे होते, एवढे मात्र आम्ही म्हणू.

आमच्याच तालुक्यातले सोनई आठवा. १ जानेवारी २०१३ रोजी मेहतर समाजाच्या तीन तरुण सफाई कामगारांना ठार मारण्यात आले. सेप्टिक टँकमध्ये पडून अपघात झाला, असे भासवण्याचा आधी प्रयत्न झाला होता. हा खटला नगरहून नाशिकला चालवायला नेला, आणि जानेवारी २०१८ मध्ये तिथल्या सत्र न्यायालयाने सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली. दोन्ही खटल्यांतला पुरावा वेगळा, परिस्थिती वेगळी. एकाचे माप दुसऱ्याला लावू नये. तरी खटला गावच्या दबावापासून लांब गेला ही बाब बातमीदाराने लक्षात ठेवावी अशी आहे.

कात्रणे लावताना शब्दही टोचत होते. ‘प्रेमप्रकरणातून खून’. हा मथळा इतक्या वेळा आला की आम्ही मोजायचे सोडून दिले. खून करणाऱ्याने खून केला जातीच्या अहंकारातून. मथळ्यात मात्र कारण होते मेलेल्या पोराचे प्रेम. २००६ साली भंडारा जिल्ह्यात खैरलांजी घडली तेव्हाही तेच. आई, मुलगी आणि दोन मुले संपवली गेली. ‘अनैतिक संबंध’ हे शब्द आधी फिरले आणि जात पुष्कळ उशिरा, लोक रस्त्यावर उतरल्यावर छापून आली. शब्द निवडणारा माणूस दुष्टच असतो असे नाही. पोलिसांनी दिलेल्या प्रेस नोटमध्ये जे असते ते तो उतरवतो. पण वस्तीवर एक चक्कर मारली असती तर त्याला दुसरा शब्द सापडला असता.

इथे आम्हाला आमच्या तालुक्याचा थोडा अभिमानही सांगायचा आहे. नेवाशापासून जवळच तरवडी हे गाव. तिथून मुकुंदराव पाटील ‘दीनमित्र’ काढत. १९१० मध्ये त्यांनी हे साप्ताहिक हाती घेतले आणि १९६७ पर्यंत चालवले. पुणे-मुंबई नव्हे, एका खेड्यातून, सत्तावन्न वर्षे! ते कृष्णराव भालेकरांचे पुत्र. भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात सत्यशोधकांचे ‘दीनबंधु’ काढले होते, आणि पुढे नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईला गिरणी कामगारांत नेले. मुकुंदरावांचा मुख्य वाचक शेतकरी. कुलकर्णी-सावकाराच्या लेखणीखाली भरडला जाणारा. आम्ही तरवडीला जाऊन त्यांचे स्मारक पाहून आलो. आमच्या अभ्यासक्रमात लंडन-न्यूयॉर्कच्या पत्रांचे पान-पानभर वर्णन आहे. एसटीने तासाभरात जाता येईल अशा या पत्राला दोन ओळी आहेत.

आणखी मागे गेलो तर मुक्ता साळवे भेटते. जोतिबा-सावित्रीबाईंच्या पुण्याच्या शाळेतली चौदा वर्षांची मातंग मुलगी. मांग-महारांच्या दुःखावर तिने निबंध लिहिला आणि तो १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ने दोन अंकांत छापला. हे ‘ज्ञानोदय’ मिशनऱ्यांनी १८४२ मध्ये सुरू केले ते आमच्या नगरला. तिला ना पदवी होती, ना प्रेसचे ओळखपत्र. आपल्या माणसांनी काय सोसले ते तिने आपल्या नजरेने पाहून लिहिले. आईच्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे झाले तर आम्ही मुक्ताचे नाव सांगतो. आईला ते पटलेसे दिसते.

बाबासाहेबांची पत्रे वाचकांना ठाऊक आहेत. ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’, शाहू महाराजांच्या अडीच हजार रुपयांच्या मदतीने. त्याची जाहिरात पैसे घेऊन छापा म्हटले तरी ‘केसरी’ने छापली नाही. जयंतीच्या भाषणात हे सगळे येते, म्हणून इथे लांबवत नाही. पण एका गोष्टीकडे आमचे लक्ष अभ्यास करताना गेले. महाडला चवदार तळ्याचे पाणी घेतले २० मार्च १९२७ ला. ‘बहिष्कृत भारत’चा पहिला अंक निघाला ३ एप्रिलला, म्हणजे दोनच आठवड्यांनी. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तळ्यावरून स्पृश्यांनी दावा लावला. त्याचा शेवटचा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने दिला १७ मार्च १९३७ ला, आपल्या बाजूने. सुमारे दहा वर्षे! तेवढ्या काळात ‘बहिष्कृत भारत’ पैशाअभावी १९२९ मध्ये बंद पडले. त्याचे रकानेच्या रकाने बाबासाहेब एकटे लिहून काढत आणि वर वर्गणीसाठी हात पसरत. १९२८ ला ‘समता’ आले, १९३० ला ‘जनता’ आले. पत्राचे नाव बदलले, पण आपला माणूस लिहितो आहे असे एक तरी पत्र उभे राहत गेले. आमची आजी सांगते, तिचे वडील कंदिलाच्या उजेडात ‘जनता’ मोठ्याने वाचत आणि न वाचता येणारी दहा-पंधरा माणसे भोवती बसून ऐकत. एका अंकाची चार आणे-आठ आणे वर्गणी कशी जमली याचा हिशेबही त्यात असायचा. पुढच्या आठवड्यात काय झाले, हे विचारायला माणसे पुन्हा येत.

हे पुन्हा येणेच आज सुटले आहे. वाहिनीची गाडी एकदा येते, छत्री उघडते, आईला रडताना दाखवते आणि जाते. फोनवर तर आणखी वेग. १ जानेवारी २०१८ ला भीमा कोरेगावला दगडफेक झाली, ते गाव आमच्या नगर-पुणे रस्त्यावरचेच. वस्तीतली गाडी भरून माणसे तिकडे गेलेली. त्या संध्याकाळी घरोघर फोन वाजत होते, एकापाठोपाठ एक फोटो येत होते, आणि कुठला फोटो कुठल्या गावचा, कधीचा, कोणाला सांगता येत नव्हते. आई रात्रभर दारात बसली. खरी बातमी आली ती पहाटे, गाडी सुखरूप परत आली तेव्हा.

मग शिकलेल्या पोरींनी करायचे काय? अॅट्रॉसिटीचा कायदा १९८९ चा. त्यात २०१५ साली सुधारणा झाल्या, त्या २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाल्या; नियमही त्याच वर्षी सुधारले. खर्ड्यानंतरचे हे बदल. आता तपास करून साठ दिवसांत दोषारोपपत्र न्यायालयात जायला हवे. पुढे खटला शक्यतो दोन महिन्यांत निकाली काढावा असे कायदा म्हणतो. पीडिताला आणि साक्षीदाराला संरक्षण मागण्याचा हक्क आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या दक्षता समितीची बैठक तीन महिन्यांतून निदान एकदा झालीच पाहिजे. वकील मंडळी याकडे कलमे म्हणून पाहतात. आम्हाला त्यात बातमीचे वेळापत्रक दिसले. एकसष्टाव्या दिवशी उपअधीक्षकांना फोन करून विचारायचे, दोषारोपपत्र गेले का? नसेल तर ती बातमी. समितीची बैठक झाली का? नसेल तर तीही बातमी. खटल्याची पुढची तारीख ई-कोर्टाच्या सेवेवर फुकट दिसते, त्याला साधा फोन पुरतो. यातले काहीही करायला संपादकाची परवानगी लागत नाही.

आम्ही दोघींनी दोनशे पानी वही घातली आहे. तालुक्यातले चार खटले त्यात आहेत. घरच्यांची नावे आम्ही बाहेर काढत नाही. प्रत्येक खटल्याला एक पान: गुन्हा कधी नोंदला, साठ दिवस कधी भरले, तारीख कधी, साक्ष कोणाची, झाली की पुढे गेली. ज्या तारखेला कॉलेजला सुट्टी असेल त्या तारखेला आमच्यातली एक कोर्टात जाऊन मागच्या बाकावर बसते. पहिल्यांदा शिपायाने विचारले, ‘‘तुम्ही कोणाच्या?’’ विद्यार्थी आहोत म्हटल्यावर बसू दिले. सुनावणी उघडपणे चालते, मज्जाव नसेल तर कोणालाही बसता येते, हे वस्तीत पुष्कळांना ठाऊक नाही. त्या दिवशी साक्ष झाली नाही, नुसती पुढची तारीख पडली. आम्ही तेवढेच वहीत लिहिले. फिर्यादी मावशी मात्र बाहेर आल्यावर आमच्याजवळ येऊन थांबल्या आणि पुढच्या तारखेला येणार का, असे विचारून गेल्या.

दर पौर्णिमेला विहाराच्या भिंतीवर आम्ही एक हाताने लिहिलेला कागद लावतो. त्यात शिष्यवृत्तीचा अर्ज भरायची शेवटची तारीख असते, नळाचे पाणी किती दिवस आले ते असते, खटल्यांच्या तारखा असतात. आणि घोडेगावच्या मार्केटातला गोणीमागचा हमालीचा दर असतो. पहिल्या महिन्यात दर लिहिला तेव्हा दादांबरोबरचे तिघे हमाल काम सुटल्यावर येऊन उभे राहिले. एकाला वाचता येत नाही, त्याला दुसऱ्याने वाचून दाखवले. तिसऱ्याने सांगितले की दर बरोबर आहे, पण पावसाळ्यात ओल्या गोणीचे वजन वाढते आणि दर तोच राहतो, हे लिहायचे राहिले. पुढच्या पौर्णिमेच्या कागदावर ते घातले आहे.